एकही मासा मरता कामा नये

आमच्या घरात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. कुणी केकचा डबा आणला तर सासूबाई चष्मा लावून आधी त्यावरचा हिरवा ठिपका शोधतात, मग तो ठिपका खरंच हिरवा आहे ना हे सासऱ्यांकडून खात्री करून घेतात, आणि तरीही शेवटी स्वतः खात नाहीत. आम्ही लिंगायत, गळ्यात इष्टलिंग घातलेली, आंघोळ-पूजेशिवाय चहाला हात न लावणारी माणसं. अशा घरात, सगळे जेवायला बसलेले असताना, मी सांगून टाकलं की मला मागच्या हौदात मासे पाळायचे आहेत.

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. नवऱ्यानं आधी माझ्याकडं आणि मग स्वतःच्या ताटात बघितलं, भाकरीखाली मासा आहे की काय अशा नजरेनं.

आधी मी कोण ते सांगते. मी मूळची कंधार तालुक्यातल्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगायला मी लाजत नाही. नांदेडला राहून बी.एस्सी. केलं, तेही प्राणिशास्त्र घेऊन. माझ्या लग्नात आईनं रुखवतात लाडू-चकल्यांच्या बरोबर मधोमध माझं पदवीचं प्रमाणपत्र फ्रेम करून ठेवलं होतं. लातूरच्या, म्हणजे सासरच्या पाहुण्यांनी चकल्या बघितल्या नाहीत, सगळ्यांनी वाकून वाकून प्रमाणपत्र वाचलं. तेच प्रमाणपत्र मग सासरच्या बैठकीत लागलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सासरे ते दाखवायचे. पण भिंतीवर टांगलेल्या पदवीचं पुढं काय होतं? धूळ बसते. दर शनिवारी मीच ती पुसायची.

तर एका वर्षी औसा रोडला ओळखीच्या एका बाईंच्या शेडमध्ये मी हा प्रकार पाहिला आणि खुळावले. खाली माशांचा हौद, वर खडीनं भरलेले वाफे. मोटार माशांचं घाण पाणी वर चढवते. खडीत राहणारे जिवाणू त्या घाणीचं खत करतात, ते खत झाडं खातात आणि निवळलेलं पाणी परत माशांकडं येतं. माती नाही, पोतंभर खत नाही. याला ॲक्वापोनिक्स म्हणतात. आमच्या घरात तो शब्द कुणालाच नीट उच्चारता आला नाही, म्हणून आम्ही 'हौद' एवढंच म्हणायला लागलो.

जेवताना मी हे सगळं समजावून सांगितलं. सासरे, म्हणजे मामंजी, शांतपणे ऐकत होते. गोलाईच्या बाजाराजवळ त्यांचं पाइप, फिटिंग आणि मोटारींचं दुकान आहे.

"पानी तेच ते फिरतंय?" त्यांनी विचारलं.

"हाव मामंजी. ऊन खाईल तेवढंच वरून घालायचं."

लातूरच्या माणसाला हे एक वाक्य सांगितलं की बाकीचं सांगायची गरज उरत नाही. त्यांनी घास तोंडात घातला, चावला, आणि म्हणाले, "मोटार केवढी लागंल?"

राहिल्या आत्याबाई. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. त्या उदगीरकडच्या, रागावल्या की मधेच कानडी बोलतात. अजून मराठीतच होत्या, म्हणजे आशा होती.

"मोटे झाल्यावर काय करायचं त्या माशांचं?"

"काही न्हाई. मोठे होतील."

"कापायचे न्हाईत?"

"न्हाई."

"इकायचे न्हाईत?"

"न्हाई, आत्याबाई."

"मग त्यांनी करायचं तरी काय?"

"त्यांनी हागायचं. तेवढंच काम हाय त्यांना."

नवऱ्याला ठसका लागला. मामंजी पाण्याचा तांब्या तोंडापुढं धरून हसले. आत्याबाई मात्र विचार करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पाळ. पन माज्या घरात जीव मरता कामा न्हाई. एकबी मासा मेला तर हौद उपसायचा, बुजवायचा आन् वर शहाबादी फरशी टाकून घ्यायची. मग रडायचं न्हाई."

मी एका पायावर हो म्हणाले. नंतर खोलीत जाऊन मोबाइलवर वाचायला लागले, तेव्हा पहिलंच वाक्य असं दिसलं की नवशिक्याच्या पहिल्या हौदातले मासे बहुतेक मरतातच. मी मोबाइल पालथा ठेवला. जराशानं परत सरळ केला. मरतात का, हे कळलं तर न मरण्याचं बघता येईल. शेवटी कॉलेजात शिकले ते कशासाठी?

हौद होताच. टंचाईच्या काळात मामंजींनी मागच्या अंगणात बांधून घेतलेला सिमेंटचा, छातीएवढा खोल. वर्षानुवर्षं त्यात दुकानातले पाइपांचे तुटके एल्बो पडलेले. ते काढले, घासला, तीनदा धुतला. निळे प्लास्टिकचे ड्रम उभे चिरून त्याचे वाफे केले. चिरायचं काम आमच्या ह्यांनी केलं. दिवसभर दुकानात लोकांना पाइप विकणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात पाइप जोडायला मिळाला की काय आनंद होतो ते मी तेव्हा पाहिलं. जेवायला हाक मारली तरी येईनात.

मग खडी आली आणि पहिली भानगड झाली. मी काळी खडी सांगितली होती, ट्रॅक्टरवाल्यानं त्यात पांढरे खडे मिसळलेले. मी एका पांढऱ्या खड्यावर लिंबू पिळलं. फस्स करून फेस आला. म्हणजे चुनखडी. ती पाण्यात राहिली तर पाणी बिघडतं, झाडं पिवळी पडतात. ट्रॅक्टरवाला तर ढीग टाकून केव्हाच गेलेला.

आत्याबाईंनी ढिगाकडं बघितलं, कमरेला पदर खोचला आणि गल्लीत हाक दिली. अर्ध्या तासात पाच-सहा बाया आपापलं सूप आणि परात घेऊन अंगणात गोल करून बसल्या. जन्मभर त्यांनी धान्यातले खडे निवडले होते. आता खड्यांतले खडे निवडायला बसल्या. बोटं तशीच चालत होती, गप्पाही तशाच.

"अक्का, तुमच्या सुनंनं डिगरी घेतली ती याच्यासाठी का?" शेजारच्या काकूंनी आत्याबाईंना विचारलं.

"तुज्या सुनंनं घेतली न्हाई, मनून तू रिकामी हायस. निवड गप."

दोन दिवस निवडणं चाललं. खडी डाळीसारखी धुतली, धुतलेलं पाणी जास्वंदीला घातलं, वाफे भरले. आता राहिला सायफन.

वाफ्यात पाणी सतत भरलेलं राहिलं तर मुळं कुजतात, सतत कोरडं राहिलं तर सुकतात. त्याला भरती-ओहोटी लागते. त्यासाठी उभ्या पाइपावर एक मोठा, वरून बंद पाइप पालथा घालायचा. पाणी एका उंचीपर्यंत चढतं, मग सायफन पकडतो आणि सगळं पाणी एकदम खाली ओढून घेतो, हवा शिरली की थांबतो आणि परत भरायला लागतं. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की हसू येतं. प्रत्यक्षात आमचा सायफन एक तर सुरूच व्हायचा नाही, नुसता लघवी अडल्यासारखा थेंब थेंब गळत राहायचा, नाहीतर सुरू झाला की थांबायचा नाही, लग्नातल्या पुढाऱ्याच्या भाषणासारखा. आमचे हे रोज दुकानातून पाइपाचं तोंड लहान करणारे वेगवेगळ्या मापाचे रिड्युसर खिशात भरून आणायचे. आम्ही दोघं नवरा-बायको वाफ्यावर वाकून तासन् तास एका भोकाकडं बघत बसायचो. आमच्या लग्नाला तेव्हा थोडीच वर्षं झालेली, पण एकमेकांशी इतकं बोलणं कधी झालं नव्हतं, आणि ते सगळं पाइपाबद्दल.

एका सकाळी पाणी चढलं, चढलं, वरच्या भोकापाशी जरा थबकलं. आतून गुडगुड असा आवाज आला. मग पोटात ढवळल्यासारखा मोठा घर्र आवाज झाला आणि सगळा वाफा एका दमात हौदात रिकामा झाला. शेवटी सुर्रर्र करून हवा शिरली आणि शांतता. पाणी परत भरायला लागलं.

मी उठून नाचले. खोटं कशाला सांगू, नाचलेच. आत्याबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या, "काय झालं, कुनाला चावलं?" त्यांनाही बसवलं. परत भरलं, परत गुडगुड, परत घर्र. त्या म्हणाल्या, "परत कर." मी म्हटलं मला करायचं काही नाही, आपोआप होतं. मग त्या पोळ्या सोडून चौथ्या फेरीपर्यंत बसून राहिल्या. दुपारी मामंजी दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना स्कूटरवर घालून दाखवायला घेऊन आले. त्यातला एक जण मोटार घ्यायला आलेला, तो सायफन घेऊन गेला.

पण मासे सोडता येईनात. खडीत आधी जिवाणू वसायला हवेत आणि त्यांना खायला अमोनिया हवा. मासे आधी टाकले तर त्यांच्याच घाणीनं ते मरतात. नवशिक्यांचे मासे मरतात ते नेमके इथंच. म्हणजे माशांशिवाय अमोनिया आणायचा. मी औषधांच्या दुकानात विचारलं, त्यांनी मला गुलाबाच्या वासाचं फरशी पुसायचं औषध दाखवलं.

मी घरी येऊन विचार करत बसले होते, तेवढ्यात आत्याबाई हातात तांब्या घेऊन हौदाकडं निघाल्या.

"काय हाय त्यात?"

"गोमूत्र. शिपडते चारी बाजूंनी. माशे यायच्या आधी जागा शुद्ध करून घ्यावी."

मी तांब्याकडं बघितलं. शेजारच्या काकूंच्या देवणी गाईचं गोमूत्र. दोन-चार दिवस मुरलं की त्याचा अमोनिया होतो, हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला होतं आणि मला त्यावर चांगले मार्क पडलेले.

"आत्याबाई, शिपडू नका," मी म्हटलं. "वता. जरा शिळं होऊ द्या आन् मग रोज वता."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. एवढी धार्मिक सून आपल्याला मिळाली हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी त्यांना जिवाणूंचं सगळं सांगितलं, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे शुद्धच करायचं ना?" मी विचार केला. नाही म्हणायला काही जागाच नव्हती. त्यांचं शुद्धीकरण आणि माझा अमोनिया एकाच तांब्यातून पडत राहिले.

वास आला, तो सोसला. मी रोज हौदातलं पाणी काचेच्या नळीत घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायची आणि रंग बघायची. काही आठवडे हिरवाच, मग जांभळा, आणि घरातल्या सगळ्यांना त्या रंगाचं वेड लागलं. मामंजी दुकानातून फोन करून विचारायचे, "आज कसा हाय?" जसा काही दवाखान्यात पाहुणा आहे. एक दिवस सगळे रंग पाहिजे तसे आले. अमोनिया नाही, नायट्राइट नाही. मी म्हटलं, मासे आणते.

मासे नांदेडहून आणायचं ठरलं, कारण तिथलं एक दुकान मला कॉलेजपासून माहीत होतं. दुकानदारानं विचारलं, "खायला का शोभेला?" मी म्हटलं, "कामाला." शेवटी नारिंगी-पांढरे कोई घेतले, वीसेक, बोटाएवढे. खायचा मासा घेतलाच नाही, म्हणजे पुढं कुणी पाहुणा लाळ घोटायला नको. त्यांनी पिशव्यांत पाणी आणि ऑक्सिजन भरून थर्माकोलच्या खोक्यात ठेवून दिले. त्या रात्री माहेरी राहिले. आई खोक्याकडं बघून म्हणाली, "लोकांच्या पोरी सासरी जाताना शिदोरी नेतात बाई." पण निघताना खोक्याला तिनंच जुन्या नऊवारीचा तुकडा गुंडाळून दिला, ऊन लागू नये म्हणून.

लातूरच्या बसमध्ये मी खोकं मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर आला.

"काय हाय यात?"

"मासे."

"वास मारतील. टपावर टाका."

"जिते हायत."

"जिते?" त्यानं पेन कानावर ठेवला. "मग तिकीट लागंल."

"अर्धं का पूर्ण?"

"बाया हायत का गडी?"

"अजून कळत न्हाई, लहान हायत."

"मग कळल्यावर सांगा. बायांना अर्धं हाय."

आख्खी बस हसली. त्यानं तिकीट एकच फाडलं, माझं. पण त्यानंतर मासे बसचे झाले. लोह्याच्या पुढं ऊन माझ्या बाजूला आलं, तर पलीकडच्या सीटवरचा एक गडी उठून म्हणाला, "ताई, इकडं या, सावली हाय." अहमदपूरला दोघांनी खोक्यात डोकावून मोजायचा प्रयत्न केला, प्रत्येकाचा आकडा वेगळा आला आणि त्यांचं भांडण लातूर स्टँडपर्यंत पुरलं.

घरी आत्याबाई औक्षणाचं ताट घेऊन उभ्या. मला वाटलं माझ्यासाठी. नाही, खोक्यासाठी. हौदाच्या कठड्यावर त्यांनी विभूतीची तीन बोटं ओढली होती. पिशव्या तरंगत ठेवल्या, पाणी पाण्याला सवयीचं झालं, मग तोंड सोडलं. मासे आधी तळाशी एका कोपऱ्यात गर्दी करून उभे राहिले, नव्या शाळेतल्या पोरांसारखे. मग एक निघाला. मग सगळे. त्या करड्या हौदात नारिंगी रंग फिरायला लागला आणि आम्ही चौघंही कठड्याला टेकून काहीतरी बरळत होतो, कोण काय बोललं ते आठवत नाही.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी दात घासायच्या आधी मासे मोजायची. आत्याबाईही मोजायच्या, मी मोजल्यावर, गुपचूप.

वाफ्यांत पालक लावला होता, पुदिना, कोथिंबीर. पालकाची पानं हाताएवढी झाली. पहिली जुडी खुडून मी डाळ घातलेली भाजी केली. मामंजींनी ताट पुढं ओढलं आणि थांबले.

"एक विचारू? ही आपल्याला चालती का?"

"का न चालायला?"

"माशाचं हाय ना यात. म्हंजे पाण्यातनं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता मठातल्या स्वामींना बोलवा, विचारा, आणि ते काय म्हणतील कुणास ठाऊक. मी तोंड उघडायच्या आत आत्याबाईंनी वाढता वाढता म्हटलं, "शेतात शेणखत टाकता. मग ज्वारी खाताना काय गाय खाता का?"

मामंजींनी भाजी दोनदा मागून घेतली.

अशा दिवसांत श्रावण आला. देवळाच्या कुंडात माशांना पिठाच्या गोळ्या घालणं हे आमच्याकडं मोठं पुण्याचं मानतात. आता कुंड घरीच होतं. आत्याबाईंनी गल्लीला सांगून ठेवलं होतं की आमच्या हौदात आजवर एक जीव मेला नाही, आणि ही सून कशी गोमूत्रानं हौद शुद्ध करून घेते. गल्लीत त्यांची मान एकदम वर झाली होती.

एका सोमवारी मी रेणापूरला गेले होते. तिथल्या एका बाईंना असाच हौद मांडायचा होता, त्यांना वाफे कुठं ठेवायचे ते सांगायला. जाताना बसमध्ये मी मनातल्या मनात स्वतःला सल्लागार म्हणत होते. चहा झाला, त्यांनी मला 'मॅडम' म्हटलं, मी फुगून परत आले. घरी आले तर मागच्या अंगणात ही गर्दी. देवळातून परस्पर आलेल्या बाया हौदाला वेढा घालून हात जोडून उभ्या.

"ये पोरी, बघ तुजी लेकरं," आत्याबाईंचा चेहरा नुसता उजळलेला. "नाव घ्यायलेत शिवाचं."

मी डोकावले. सगळे मासे पाण्याच्या वर आलेले. ओळीनं तोंडं बाहेर, उघडतायत, मिटतायत, उघडतायत, मिटतायत.

"कव्हापासनं?"

"दुपारधरनं. आधी गोळ्या खाल्ल्या, मग चुरमुरे, मग काकूनं साखर घातली, खोबरं घातलं. सगळं खाल्लं. आता पोट भरलं तसं वर येऊन आपलं शिवाय, शिवाय."

पाणी पातळ ताकासारखं पांढरं झालं होतं. आणि अंगण फार शांत वाटत होतं. गुडगुड नाही, घर्र नाही.

"लाइट?"

"लाइट तर कव्हाच गेली."

"आत्याबाई," मी म्हटलं, "ते नाव घेत न्हाईत. त्यांचा जीव कोंडलाय. पाण्यात हवाच राहिली न्हाई."

त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड तेवढा गेला. मग म्हणाल्या, "काय करू, ते सांग. नुसती उभी राहू नको."

"पाणी उंचावरून वतायचं. सगळ्यांनी. थांबायचं न्हाई."

पुढं जे झालं ते आठवलं की अजून मला हसूही येतं आणि धडधडतंही. सोमवारच्या उपासाच्या, नव्या साड्या नेसलेल्या बाया कळश्या, तांबे, पातेली घेऊन हौदाला भिडल्या. भरायचं, डोक्याच्या वर न्यायचं, ओतायचं. निम्मं माशांवर, निम्मं शेजारणीवर. काकू घरातून ताक घुसळायची मोठी रवी घेऊन आल्या आणि दोरी दुसरीच्या हातात देऊन हौदात रवी फिरवायला लागल्या. एकीनं कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा हातपंप उचलून आणला, पंक्चरवाला पंपामागं पळत आला आणि त्यालाच पंप मारायला लावलं. मी पिठाच्या चाळणीनं तळातल्या गोळ्या उपसत होते.

"यानं भागायचं न्हाई," मी म्हटलं. "निम्मं पाणी काढून नवं घालावं लागंल. पन नळाचं ताजं चालत न्हाई, त्यात औषध असतं. मुरलेलं लागतं."

आमच्याकडं मुरलेलं पाणी म्हणजे साठवलेलं पाणी. नळ कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून स्वयंपाकघराच्या मागची मोठी टाकी आत्याबाई झाकण घालून, वर दगड ठेवून राखतात. त्यातलं पाणी पाहुण्यालासुद्धा विचारून वाढायचं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, गेल्या, दगड उचलून बाजूला ठेवला आणि झाकण काढलं.

"घ्या," म्हणाल्या. "तळ लागेपतूर घ्या."

निम्मं घाण पाणी अंगणात उपसून टाकलं आणि ओळ लागली. टाकीपासून हौदापर्यंत कळश्या हातोहात आल्या. मामंजी दुकान बंद करून आले ते बनियनवर ओळीत उभे राहिले. आणि मग एकदम मोटार हुंकारली. लाइट आली. थोड्या वेळानं वाफ्यात गुडगुडलं, घर्र झालं, आणि बाया दमून जिथल्या तिथं बसल्या. तोंडं एक एक करून पाण्याखाली गेली.

एक गेलं नाही. पाइपाच्या खाली, कपाळावर पांढरा डाग असलेला मासा आडवा तरंगत होता.

सगळ्यांनी पाहिलं. अट गल्लीतल्या प्रत्येकीला पाठ होती, आत्याबाईंनीच ती कौतुकानं सांगितली होती. मी हौदाच्या कठड्यावर हात ठेवून उभी राहिले. शहाबादी घातल्यावर इथं स्कूटर लागेल, असं काहीतरी मनात आलं.

आत्याबाईंनी मासा दोन्ही हातांनी बाहेर काढला. जास्वंदीखाली मला खड्डा घ्यायला सांगितलं. आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत, विभूती लावून, बसवून पुरतात. त्यांनी माशाला विभूती लावली आणि खड्ड्यात बसवायला गेल्या. मासा काही बसेना. परत बसवला, परत कलंडला. शेवटी काकूंनी दोन्हीकडून खडी लावून दिली तेव्हा तो टेकला. कुणीतरी बेलाचं पान ठेवलं. पंक्चरवाला हात जोडून उभा होता. मी ओठ इतके घट्ट दाबले होते की डोळ्यांतून पाणी आलं, आणि सगळ्यांना वाटलं मी रडतेय. रडतही होते.

माती लोटून झाली. कधीतरी विचारायचंच होतं.

"आत्याबाई, हौद कव्हा उपसायचा?"

त्या हात धूत होत्या. "उपसल्यावर बाकीचे कुटं जातील?"

"कुठं न्हाई."

"म्हंजे मरतील?"

"हाव."

"मग उपसायचा कसा?" त्या माझ्याकडं वळल्या. गुडघ्यापर्यंत भिजलेल्या, केसांत चुरमुरा अडकलेला. "तू शिकलेली हायस का कोन हायस?"

मामंजी हळूच म्हणाले, "पन तुजी अट..."

"जीव मरू नये मनून घातली हुती अट. मारायला न्हवती घातली." मग त्यांनी बायांकडं बोट केलं, सगळ्यांच्या आधी काकूंकडं. "आन् तुमी. पुढच्या सोमवारी एकीनंबी पीठ आनायचं न्हाई. पुण्य पायजे आसंल तर येताना कळशीभर पानी आना."

"नळाचं ताजं नको," मी मधेच म्हटलं, "रात्री भरून ठेवलेलं."

"अग पन शिळं पानी वाहायचं?" काकू म्हणाल्या. "देवाला ताजं आन् माशाला शिळं?"

"हिनं सांगितलं ना शिळं, मग शिळं," आत्याबाई म्हणाल्या आणि टाकीवरचा दगड परत जागेवर ठेवायला आत गेल्या.

पुढच्या सोमवारी देवळातून बाया परस्पर आल्या नाहीत. आधी घरी गेल्या. मग कमरेवर कळशी घेऊन एक एक करून मागच्या दारानं आल्या, आणि हौदात ओतायच्या आधी प्रत्येकीनं मला विचारलं की किती उंचावरून ओतू.